खतातलं शिसं

द्रौपदाबाई काशीद यांनी पोतं माझ्या टेबलावर ठेवलं ते नेमकं माझ्या जेवणाच्या डब्यावर. डबा उघडा होता आणि आत मेथीची भाजी होती. पोत्याच्या उसवलेल्या कोपऱ्यातून मूठभर गांडूळखत भाजीत पडलं आणि माझं त्या दिवसाचं जेवण तिथंच आटोपलं.

"तिसऱ्यांदा तपासायचं," बाई म्हणाल्या. "आणि या खेपेला मी हितंच बसणार. तुम्ही काय करताय ते बघणार."

मी म्हटलं, असं चालत नाही, प्रयोगशाळेचे नियम असतात. खरं तर आमच्या प्रयोगशाळेत एकच नियम लिहिलेला होता, 'चपला बाहेर काढा', आणि आमचे मालक इनामदार सर स्वतः बूट घालून तरातरा आत येत. बाईंनी तो नियम पाळला, चपला दाराबाहेर काढल्या, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसल्या. पंचेचाळिशीची बाई, डोईवर पदर, हाताच्या भेगांत खताची काळी रेघ. हलवायची म्हटली तर चार माणसं लागली असती.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. एम.एस्सी. झालो होतो आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. तासगाव भागातली ती खासगी प्रयोगशाळा, माती, पाणी आणि खत तपासायची. दिवसभर शेतकरी मातीच्या पुड्या घेऊन येत. शेतात आठ-दहा ठिकाणची माती घ्या, एकत्र करा, त्यातली अर्धा किलो आणा, असं घसा कोरडा करून सांगितलं तरी गडी बांधाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची, अशी हमखास चांगली माती निवडून आणणार. मुलगी दाखवायला जरीचं लुगडं नेसवतात तसं. एकानं तर माती युरियाच्या पिशवीतून आणली आणि नत्र भरपूर निघालं म्हणून पेढे वाटले. या सगळ्या लोकांना हसणं हा माझा जोडधंदा होता आणि मी तो मन लावून करत असे.

द्रौपदाबाईंचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. वाघजाईवाडीत त्यांचे चौदा वाफे होते गांडूळखताचे, पाचटाच्या छपराखाली. बचत गटातल्या आठ बायका तिथं कामाला होत्या. गावातल्या द्राक्षवाल्यांचा एक गट होता, सव्वीस बागायतदारांचा. त्यांची द्राक्षं परदेशी जायची आणि बागेला घातलेल्या प्रत्येक गोष्टीचा कागद त्यांना लागायचा. दसरा झाल्यावर दोन दिवसांनी त्यांनी बाईंच्या खताचा नमुना आमच्याकडे पाठवला. शिसं निघालं किलोमागं दोनशे चाळीस मिलिग्रॅम. चालतं शंभरपर्यंत.

मी अहवालावर सही ठोकली आणि विसरून गेलो. गावात मात्र त्या कागदाचा वणवा झाला. शेणात आणि पालापाचोळ्यात शिसं येणार कुठून? म्हणजे बाई शहरातला कचरा आणून मिसळते, फुटक्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, असं ठरलं. कुणीतरी त्यांना कचऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसलेलंही पाहिलं. अशा वेळी पाहणारे नेहमीच निघतात. गटाचे अध्यक्ष भानुदासआप्पा यांनी चावडीवर उभं राहून सांगितलं की ही बाई आपल्या बागांना विष घालत होती. खत बंद झालं आणि आठ बायका घरी बसल्या. बाईंनी दुसऱ्यांदा नमुना दिला, तो एकशे पंचाहत्तर निघाला. कमी झालं म्हणून त्यांना दिलासा द्यायला गेलो तर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी चष्मा पुसायला घेतला.

आता तिसरी खेप. बाईंनी पोत्याच्या तोंडाचा दोरा दाखवला. दुसऱ्या तपासणीच्या वेळी आमच्या शिपायानं, गेणूतात्यांनी, उरलेला अर्धा नमुना लाखेचा शिक्का मारून त्यांना परत दिला होता. तेच पोतं, तोच शिक्का. कोपरा उसवला होता तो आत्ता माझ्या डब्याची कड लागून, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

"हे जर आज बी जास्त निघालं तर मी वाफे मोडणार," त्या म्हणाल्या. "पण माझ्या डोळ्यांदेखत निघू दे."

मी म्हटलं, बाई, यंत्र खोटं बोलत नाही. हे वाक्य माझं फार आवडतं होतं. दिवसातून तीन-चारदा तरी मी ते वापरत असे.

गेणूतात्या आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, देवभोळा, अत्यंत सज्जन माणूस. त्यांनी शिक्का फोडला, खत ताटात पसरलं आणि दळायचा मिक्सर पुढं घेतला. माती कुटायला आमच्याकडे लाकडी मोगरी असे. मिक्सर फक्त खताला आणि झाडाच्या पानांना. तात्यांनी झाकण काढून उताणं ठेवलं आणि भांड्यात खत ओतायला लागले.

बाई स्टुलावरून उठून पुढं आल्या. वाकून झाकणात बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा जरा मऊपणा आला.

"ह्यात शेंदूर लावलाय जणू," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं. मला वाटलं तुम्ही लोक देवबिव मानत नसाल."

मी झाकण उचललं. आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, शेंदराचं स्वस्तिक होतं. तेलात कालवलेला शेंदूर, चिकट, वरून खताची पूड बसून काळपट झालेला. एक पाय पार झिजून गेला होता, दुसऱ्याचा निम्मा उरला होता.

शेंदूर म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. शेंदूर म्हणजे शिसं. शिशाचंच संयुग आहे ते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मिक्सर फिरला की खताची पूड उडून झाकणाला आपटायची, शेंदूर खरवडायची आणि खाली पडायची. पहिल्या वेळी स्वस्तिक ताजं होतं म्हणून दोनशे चाळीस. दुसऱ्या वेळी झिजलं होतं म्हणून एकशे पंचाहत्तर. यंत्र खोटं बोलत नव्हतं, अगदी खरं.

आणि ते स्वस्तिक तिथं कसं आलं, तेही मला लख्ख आठवलं. खंडेनवमीला तात्यांनी सगळ्या उपकरणांची पूजा मांडली होती. तराजू, भट्टी, मोगरी, सगळ्यांना झेंडूची फुलं. मिक्सरपाशी आले तर कुंकवाची डबी रिकामी. मग ते कोपऱ्यावरच्या मारुतीला गेले आणि वडाच्या पानावर शेंदूर घेऊन आले. मिक्सरवर कुठं लावू, असं त्यांनी मला विचारलं. माझ्या अंगात मस्ती. मी म्हटलं, तात्या, बाहेर कशाला लावता, खरं काम तर आत चालतं. झाकणाला आतून लावा, म्हणजे देवाचं लक्ष राहील. तिथली टायपिस्ट हसली, मी पण हसलो. तात्या हसले नाहीत. त्यांना ते पटलं. त्यांनी झाकण उलटं करून निगुतीनं स्वस्तिक काढलं आणि त्या दिवसापासून ते भांडं दोनदा विसळत, पण झाकण पुसत नसत. देवावर फडकं कोण फिरवणार?

मी झाकण पालथं घातलं. "तात्या, मिक्सर राहू द्या," मी म्हटलं. "आज आपण खलात कुटू."

बाईंना ते आवडलं. हातानं कुटलेल्यावर त्यांचा विश्वास जास्त. मग पुढचे चार तास मी काम करत होतो आणि त्या शेजारी बसून एकेक गोष्ट विचारत होत्या. आम्ल कशाला घालता, धूर कसला, ही चाळण कागदाची का. मी एरवी असल्या प्रश्नांना चिमटे काढत उत्तरं दिली असती. त्या दिवशी शहाण्या मुलासारखा सांगत होतो. खंडेनवमीपासून शिसं तपासायला आलेलं खत एकट्या बाईंचंच होतं, एवढाच काय तो मला आधार.

शिसं निघालं अकरा.

आकडा घेऊन मी आधी इनामदार सरांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि सगळं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. मग हात काढला आणि अगदी शांतपणे म्हणाले, पुनर्तपासणीत प्रमाण मर्यादेत आढळलं, एवढंच लिही. झाकण घास. शेंदराचं नाव काढशील तर उद्यापासून कुणी दारात मातीची पुडी घेऊन येणार नाही. बाईला हवा तो कागद मिळतोय, तिचं भलं होतंय, मग तुला काय खुपतंय?

मला काही खुपत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला तर पळवाटच हवी होती आणि सरांनी ती आयती झाडून दिली. मी अहवाल टाइप करून घेतला, सही केली आणि बाईंच्या हातात दिला. अभिनंदन, असंही म्हणालो.

बाईंनी आकडा वाचला. वाचून हसतील, निदान हात जोडतील, असं मला वाटलं होतं.

"अकरा," त्या म्हणाल्या. "मग बाकीचं शिसं गेलं कुठं?"

मी सुरू झालो. नमुन्यात फरक पडतो, वरचा थर, खालचा थर, ओलावा. माझं संपल्यावर बाईंनी टेबलावरचा फुटका शिक्का उचलून माझ्यापुढं ठेवला.

"पोतं तेच हाय साहेब. तुमच्याच तात्यांचा शिक्का हाय. एका महिन्यात शिसं काय उडून गेलं?" त्यांनी हातातला अहवाल पुढं केला. "हा कागद घेऊन मी गावात गेले तर काय म्हणतील, ठावं हाय का तुम्हाला? दोन कागद म्हणतात चोर आणि एक म्हणतो साव. त्यातून दिवसभर बाई हितं बसून होती. बाईनं साहेबाला गाठलं म्हणतील. आज नुसती चोर हाय. उद्या त्याच्यापेक्षा वंगाळ काहीतरी होईन."

तात्या चहा घेऊन मध्येच येऊन उभे होते. बाईंनी चहाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या पापणी हलू देत नव्हत्या. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की आता या रडतील आणि मला ते बघावं लागेल. म्हणून मी बोलून टाकलं. धैर्यबिर्य काही नाही. मिक्सरचं झाकण आणून त्यांच्यासमोर उताणं ठेवलं आणि शेंदूर कशाचा असतो ते सांगितलं.

तात्यांनी कपबशी खाली ठेवली आणि दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. बाईंनी झाकण हातात घेतलं.

"आतनं लावा, असं सांगितलं कुणी?"

जन्मात तात्यांनी माझं नाव घेतलं नसतं.

"मी," मी म्हणालो.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. चिडतील, ओरडतील, झाकण माझ्या डोक्यात घालतील, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी फक्त विचारलं की गुरुवारी सुट्टी मिळेल का. गुरुवारी दुपारी द्राक्षवाल्यांच्या गटाची बैठक होती. तिथं येऊन हे असंच्या असं सांगायचं, कागदावर नाही, तोंडानं. मी हो म्हटलं. इनामदार सरांना कळल्यावर ते मला काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण काढून टाकलं नाही एवढं खरं. शिसं मोजता येणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता.

गुरुवारी मी वाघजाईवाडीला गेलो. द्राक्षं पॅक करायच्या शेडमध्ये सव्वीस बागायतदार खुर्च्या टाकून बसले होते. दाराशी द्रौपदाबाई आणि त्यांच्या आठ बायका उभ्या होत्या, कुणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. मी उभा राहिलो. भीती वाटली की मी विनोद करतो, ती माझी जुनी खोड. मी खंडेनवमीपासून सुरुवात केली. रिकामी कुंकवाची डबी, वडाच्या पानावरचा शेंदूर, देवाचं लक्ष राहील, सगळं रंगवून सांगितलं. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे साहेब, तुम्ही मिक्सरचा मारुती केला आणि आमाला त्याचा अंगारा दिला?"

शेड हसण्यानं दणाणली. माणसं मांडीवर थापा मारत होती. एकाला ठसका लागला. भानुदासआप्पा डोळे पुसत उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, असू द्या हो, माणूस म्हटला की चूक होणारच, तुम्ही येऊन सांगितलं हा तुमचा मोठेपणा. मला खुर्ची आली. चहा आला, वर बिस्किटं. आप्पांनी दाराकडे वळून सांगितलं, बाई, सोमवारपासून खताची गाडी चालू करा, आणि परत माझ्याकडे वळले. मीही हसत होतो. सुटलो होतो ना. चहा फार चांगला लागला.

हा किस्सा मी गेल्या पंचवीस वर्षांत लग्नांत, मुंजीत, सेमिनारच्या जेवणात, कुठं कुठं सांगितला आहे. सांगतो तो इथपर्यंतच. लोक पोट धरून हसतात, मी पाणी पितो आणि विषय बदलतो. पुढं झालं ते असं.

द्रौपदाबाई दारातून आत आल्या. खुर्च्यांच्या मधून चालत पार पुढं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं सगळ्यांना हसू आवरायला वेळ लागला.

"साहेबांची चूक झाली, तर तुम्ही हसलासा," त्या म्हणाल्या. "खुर्ची दिलीसा, च्या पाजलासा. माझी चूक झाली बी नव्हती. तर माझ्या सुनंचं दूध डेअरीत ओतू दिलं न्हाई, इख कालवती म्हणून. ह्या आठ जणींची पोरं शाळेत मार खाऊन आली. तवा कुणी म्हणलं न्हाई, माणूस म्हटला की चूक होणार."

आप्पा म्हणाले, झालं ते झालं, आता गाडी चालू करा म्हटलंय की.

"गाडी चालू करीन. ज्यानं त्यानं माझी माफी मागायची, त्याच्याच बागंत गाडी जाईल."

पुढं सव्वीसांतल्या अकरा जणांनी मागितली, कुणी त्याच दिवशी, कुणी आठवड्यानं घरी जाऊन. आप्पांनी नाहीच मागितली आणि बरीच वर्षं लांबून खत आणवत राहिले. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी सव्वीस पुरुष आपापल्या चपलांकडे बघत बसले होते आणि बाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी आलो होतो, उभा राहिलो होतो, चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली होती. तीत बाईंचं नाव एकदाही घेतलं नव्हतं, आणि माफी तर मागितलीच नव्हती. हातात बिस्किट होतं. ते कुठं ठेवावं कळेना, मी ते खिशात घातलं. उठलो. शेवटी पुटपुटलो की द्रौपदाबाई, माझं चुकलं, मला माफ करा.

"ऐकू आलं न्हाई साहेब," बाई म्हणाल्या. "मगाशी हसवताना आवाज चांगला लागला होता तुमचा."

मी परत म्हणालो. या खेपेला दारातल्या आठ जणींनाही ऐकू गेलं.